लिव्हर सिरॉसिसने मामा गेला, आणि जो तो एकच प्रश्न विचारतो

सड्यावरची:
नमस्कार मंडळी. मोठं लिहिणार आहे, सवडीने वाचा.

माझा धाकटा मामा दिवाळीनंतर गेला. लिव्हर सिरॉसिस, शेवटची स्टेज. आजोळ देवगड तालुक्यात, सड्यावर हापूसची कलमं आहेत, त्यातली बरीचशी मामानेच कातळ फोडून, खड्ड्यात माती भरून लावलेली. पालखी असो, कोणाच्या लग्नात पंगत वाढायची असो, हा सगळ्यात पुढे. डायबेटिस खूप वर्षांचा, पोट सुटलेलं, पण आमच्याकडे पन्नाशीतल्या माणसाचं पोट सुटलं तर तो आजार असेल असं कोणाच्या मनातही येत नाही. सोनोग्राफीत कधीतरी फॅटी लिव्हर आलं होतं, वजन कमी करा एवढं सांगून विषय तिथेच राहिला.

आता भेटायला येणारा माणूस चहा घेता घेता विचारतो, किती घेत होते? मामी दर वेळी सांगते, "नाय ओ, कधीच घेवक नाय." आणि समोरच्याला ते खरं वाटत नाहीये हे तिला दिसतं. पहिल्यांदा ॲडमिट केलं तिथे तर केसपेपरवर न विचारताच अल्कोहोलिक असं लिहिलेलं, मामेभावाने भांडून ते बदलून घेतलं. दारूचा थेंब न घेता फक्त शुगर आणि चरबीमुळे लिव्हर असं निबर होऊन आक्रसतं हे कितीजणांना माहीत आहे? आम्हालाही नव्हतं.

पण मला मुख्य लिहायचंय ते शेवटच्या काही महिन्यांबद्दल. पाय सुजले, मग पोटात पाणी, ते सुईने काढायचं, पुन्हा भरायचं, हे सगळं डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्याची तयारी होती. डोक्यावर परिणाम होईल हे मात्र आमच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. आधी त्याचा दिवस-रात्रीचा हिशोब उलटा झाला, दिवसा पेंगायचा आणि रात्री टक्क जागा. आंब्याच्या पेट्यांच्या वहीत त्याची सही वाकडीतिकडी व्हायला लागली, आम्हाला वाटलं अशक्तपणा. मग ऐन श्रावणात, बाहेर धो धो पाऊस, रात्री दोनला उठून ओरडायला लागला, "पंप लावा, थ्रिप्स इलो, मोहर जातलो सगळो!" थ्रिप्स ही मोहरावरची कीड, श्रावणात कुठला मोहर. मामी झोपवायला गेली तर तिला म्हणाला पेट्यांचे पैसे तूच चोरलेस, आणि हात उगारला. जो माणूस तिच्याशी कधी आवाज चढवून बोलला नव्हता तो माणूस. वाडीतल्या लोकांनी बाधा म्हटलं, मामीने देवळात गाऱ्हाणं घातलं, कौल लावून झाला. ॲडमिट केल्यावर लॅक्टुलोज आणि एनिमा दिला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामा उठून बसला, म्हणाला मी हय कसो? त्याला काहीच आठवत नव्हतं. मामीला सगळं आठवतंय.

ती अजून त्या रात्रीबद्दल बोलते. पस्तीस वर्षांच्या संसारातलं सगळं बाजूला पडलंय आणि ते एक चोरीचं वाक्य तिच्या डोक्यात राहिलंय. तिला कसं समजवायचं, कोणी यातून गेलं असेल तर सांगा.

कातळफूल:
फार वाईट वाटलं गं. तुझ्या मामांना श्रद्धांजली. मामींना एकटं ठेवू नका. बाकी नंतर सविस्तर लिहिते, आत्ता एवढंच.

आबोली:
सड्यावरची, मी सिंधुदुर्गातच मेडिकल वॉर्डला स्टाफ नर्स आहे. हे आम्ही नेहमी बघतो, आणि घरच्यांना नीट समजावून सांगायला वेळ मिळत नाही याची आम्हाला खंत आहे, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

तुमच्या मामांना जे झालं त्याला हिपॅटिक एन्सेफॅलोपॅथी म्हणतात. आतड्यात अमोनिया वगैरे तयार होतं ते एरवी लिव्हर साफ करतं, लिव्हर थकलं की ते रक्तातून मेंदूपर्यंत जातं. झोप उलटी होणं आणि अक्षर बिघडणं ही अगदी सुरुवातीची लक्षणं. हात पुढे ताठ धरून पंजे मागे वळवायला सांगितले की पंजे फडफडतात, आम्ही राउंडला तेच बघतो. पुढे संशय, चिडचिड, शिव्या, कपडे काढणं, ओळख न पटणं, आणि शेवटी गुंगी. शिव्या आणि चोरीचा आळ तर इतका कॉमन आहे की आमच्या वॉर्डात जवळजवळ प्रत्येक बायकोने, मुलाने ते ऐकलेलं असतं. हे मामींना सांगा, की वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, सगळ्यांच्या घरी हेच झालंय. डॉक्टर सांगतात ते पटत नाही पण दुसऱ्या बाईच्या घरी पण असंच झालं म्हटलं की पटतं, माझा अनुभव आहे.

ज्यांच्या घरी आत्ता पेशंट आहे त्यांच्यासाठी: लॅक्टुलोज हे नुसतं पोट साफ व्हायचं औषध नाही. दिवसाला दोन ते तीन वेळा मऊ शी होईल इतकंच प्रमाण ठेवायचं असतं. संडासला जावं लागतं म्हणून पेशंट कंटाळून बंद करतो आणि दोन दिवसांत गुंगीत येतो. उलट जुलाब होईपर्यंत दिलं तर पाणी कमी होऊन पुन्हा तेच. बद्धकोष्ठ, इन्फेक्शन, पोटात रक्तस्राव आणि झोपेची गोळी, या चार गोष्टींनी डोकं बिघडतं. रात्री झोपत नाही म्हणून मेडिकलमधून झोपेची गोळी आणून देऊ नका, हात जोडून सांगते.

आणि दुसरं, खाणं. कावीळ आहे म्हणून अंडं, मासे, डाळ सगळं बंद करून माणसाला पेजेवर ठेवतात. ही जुनी समजूत आहे. या पेशंटचे स्नायू झपाट्याने झिजतात, त्यांना किलोमागे साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन लागतं, आणि रात्री झोपताना काहीतरी खाऊन झोपायचं, उपाशी रात्र काढायची नाही. ताजा मासा चालतो. चालत नाही ते मीठ. पोटात पाणी असेल तर दिवसभरात सगळं मिळून ५ ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा. आपल्याकडे सुकट, खारा बांगडा, लोणचं, पापड, यातच ते संपतं. कमी सोडियमवालं मीठ म्हणून जे मिळतं त्यात पोटॅशियम असतं, पाण्याच्या (लघवी वाढवणाऱ्या) गोळ्यांबरोबर ते धोक्याचं होऊ शकतं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. कालवं, तिसऱ्या नीट शिजलेल्याच हव्यात, अर्धकच्च्या शिंपल्यांतलं इन्फेक्शन अशा माणसाला जिवावर बेततं. अंगदुखीला डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन नको, किडनी जाते.

रानमेवा:
वाईट झालं. पण मला एक वाटतं, काविळीवर आपल्याकडे गावठी औषध असतं ते वेळेत दिलं असतं तर? आमच्या गावात एक आजोबा नाकात रस सोडतात, माळ घालतात, लांबून लोक येतात. माझ्या भावाची कावीळ पंधरा दिवसांत उतरली होती, डॉक्टरकडे जावंच लागलं नाही.

आबोली:
रानमेवा, तुमच्या भावाला बहुतेक दूषित पाण्याने होते ती कावीळ झाली असणार, हिपॅटायटिस ए किंवा ई. ती बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते, औषध घ्या न घ्या, आणि श्रेय माळेला जातं. सिरॉसिसमधली कावीळ वेगळी, तिथे लिव्हरच संपत आलेलं असतं. अशा पेशंटला अनोळखी रस, काढा देऊन अजून बिघडलेलं मी डोळ्यांनी बघितलंय. कोविडच्या काळात गुळवेलीच्या काढ्याने लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या होत्या, आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, पण ज्याचं लिव्हर आधीच खराब आहे त्याने हा धोका घेऊच नये. आजोबांवर श्रद्धा असेल तर जाऊन पाया पडा, पण आधी रक्त तपासा.

बंदरवाला:
हा धागा दोन दिवस उघडून बंद करतोय. आज लिहितो.

मी मालवणचा. माझे बाबा ट्रॉलरवर होते आणि बाबा प्यायचे. खूप प्यायचे. म्हणजे मला कोणी किती घेत होते विचारलं तर मला नाही म्हणायची सोय नाही. पोटात पहिल्यांदा पाणी झालं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं आता थेंब जरी घेतलात तर मी काही करू शकत नाही, आणि बाबांनी त्या दिवशी सोडली. खरंच सोडली. बंदरावर मित्र बसलेले असायचे, बाबा तिथे जाऊन नुसता सोडा पिऊन यायचे. पण अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या होत्या, एका रात्री रक्ताची उलटी झाली, इतकं रक्त माणसाच्या पोटात असतं हे मला माहीत नव्हतं. १०८ बोलावली, गोव्याला बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात नेलं, दुर्बिणीने रबरबँड लावून रक्त थांबवलं, वाचले. पुढच्या वेळी नाही वाचले. मध्ये दोन-तीन दिवस शी डांबरासारखी काळी होत होती, आयर्नच्या गोळीने होत असेल असं बाबांना वाटलं आणि ते कोणाला बोलले नाहीत. ज्यांच्या घरी पेशंट आहे त्यांनी हे लक्षात ठेवा, काळी शी म्हणजे लगेच हॉस्पिटल, सकाळची वाट बघायची नाही.

सड्यावरची, तुझ्या मामांबद्दल लोक खोटं बोलतात याचा तुला राग येणं बरोबरच आहे. पण दर वेळी जेव्हा कोणी म्हणतं की आमचे कधी पीत नव्हते हो, तेव्हा मला वाटतं म्हणजे माझे बाबा गेले ते ठीक झालं का? आमच्याकडे दहाव्याला लोक आईला म्हणाले, सुटलीस बाई. ती सुटली नव्हती. ती त्या माणसाची रात्रभर पाठ खाजवत बसायची, काविळीत अंगाला खाज सुटते ना, नखांनी रक्त निघायचं म्हणून ती मऊ फडक्याने चोळायची. तो माणूस गेल्यावर तिला रडायला पण मोकळीक दिली नाही लोकांनी. दारू हा पण आजारच आहे, सोडणं किती कठीण असतं हे सोडणाऱ्यालाच माहीत, आणि माझ्या बाबांनी ती सोडली होती. मला हे कोणाला तरी सांगायचं होतं.

सड्यावरची:
बंदरवाला, तुझं लिहिलेलं मामीला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "त्याच्या आवशीक सांग, माझ्याकडे ये म्हणान." खरंच सांगतेय, मालवण काही लांब नाही. आणि तुझं म्हणणं मला पटतंय, तो प्रश्न कोणालाच विचारायला नको, उत्तर काहीही असलं तरी. आता पुढच्या माणसाने विचारलं तर मामी "पीत नव्हते" म्हणायच्या आधीच मी सांगणार आहे की मामा कसा होता ते विचारा.

कातळफूल:
बंदरवाला 🙏 तुमच्या आईंना नमस्कार सांगा. 

सड्यावरची, ट्रान्सप्लांटचा विचार झाला होता का? विचारलं नाही तर राहून जाईल म्हणून विचारते, उत्तर द्यायलाच हवं असं नाही.

सड्यावरची:
झाला होता ना. मेल्ड स्कोअर ३१ आला तेव्हा डॉक्टर स्पष्ट म्हणाले ट्रान्सप्लांट किंवा काही नाही. (आबोली सांगतीलच, बिलीरुबिन, आयएनआर, क्रिएटिनिन यावरून काढतात, ६ ते ४० असतो, जितका जास्त तितका धोका.) मामेभाऊ लगेच तयार झाला. निरोगी माणसाच्या लिव्हरचा मोठा तुकडा काढला तरी ते पुन्हा वाढतं, म्हणून जिवंत माणूस देऊ शकतो. त्याच्या सगळ्या टेस्ट केल्या आणि त्याच्याच लिव्हरमध्ये इतकी चरबी निघाली की डोनर म्हणून नाकारला. वय चौतीस. मी पुढे झाले तर कळलं की १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात नवरा-बायको, आईवडील, मुलं, भाऊ-बहीण, आजी-आजोबा आणि नातवंडं हेच जवळचे नातेवाईक, भाची त्यात बसत नाही, वेगळ्या कमिटीची परवानगी लागते. आम्ही ते कागद सुरू केले, मुंबईच्या झेडटीसीसीच्या (दान केलेले अवयव वाटून देणाऱ्या केंद्राच्या) यादीत नाव लावायचंही चाललं होतं, पैशांसाठी कलमांच्या दोन बागा गहाण टाकायची बोलणी झाली. तेवढ्यात पोटातल्या पाण्यात इन्फेक्शन झालं आणि त्यामागून किडन्या बसल्या. त्यानंतर ऑपरेशन झेपणारच नव्हतं.

मामेभाऊ बोलत नाही कोणाशी. त्याला वाटतं त्याच्या खाण्यामुळे बाबा गेले. हे लिहिताना मला रडू येतंय. तो बागेत एकटाच फवारणी करत असतो.

खाडीकाठ:
मी जास्त लिहीत नाही पण तुमच्या मामेभावासाठी लिहितो. त्याला सांगा फॅटी लिव्हर या वयात मागे फिरतं. मी फिरवलंय. वजन सात ते दहा टक्के उतरवलं की चरबीच काय, थोडंफार निबरपणही कमी होतं असं मला माझ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि माझा फायब्रोस्कॅन (लिव्हरचं निबरपण मोजणारी तपासणी) खाली आला. शुगर तपासायला सांगा, एसजीओटी, एसजीपीटी या लिव्हरच्या रक्ततपासण्या, प्लेटलेट आणि वय यावरून लिव्हर किती निबर झालं असेल याचा एक फिब-४ म्हणून हिशोब असतो, कुठलाही फिजिशियन काढून देतो. प्लेटलेट कमी कमी होत जाणं ही सिरॉसिसची फार आधीची खूण असते, आपण डेंग्यू समजून सोडून देतो.

आणि सगळ्यांनीच, घरात कोणाला लिव्हरचं काही निघालं तर हिपॅटायटिस बी आणि सी ची टेस्ट करा. आमच्या आईला बी होता, कोणाला पत्ता नव्हता, ती गेल्यावर आम्हा भावंडांची तपासणी केली तर माझ्या मोठ्या बहिणीला निघाला. जन्माच्या वेळी आईकडून येतो तो. आता तिला रोज एक गोळी चालू आहे, एकदम ठणठणीत. २०१८ पासून केंद्र सरकारचा व्हायरल हिपॅटायटिसचा कार्यक्रम आहे, त्यात टेस्ट आणि औषधं फुकट मिळतात, जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. सी तर बहुतेकांचा तीन महिन्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. बी ची लस घेऊन ठेवा, ती आहे, स्वस्त आहे.

पडवी:
मी नवीन सदस्य, पहिलाच प्रतिसाद. माझी आत्या आत्ता आयसीयूत आहे. आज डॉक्टर म्हणाले, घरी नेलंत तरी चालेल. म्हणजे काय समजायचं? बाबा म्हणतात घरी नेलं तर आपण तिला मारलं असं होईल. मला काही सुचत नाही.

सड्यावरची:
पडवी, तू आधी चहा घे काहीतरी खा. मग डॉक्टरांना सरळ विचार, आता जे उपचार चालू आहेत त्याने ती बरी होऊन घरी येण्याची शक्यता आहे का. हे शब्द वापर. आम्ही दोन आठवडे "कसं वाटतंय डॉक्टर" एवढंच विचारत होतो आणि ते "बघूया" म्हणत होते. एका ज्युनिअर मुलीने बाजूला घेऊन सांगितलं की ट्रान्सप्लांट नसेल तर डायलिसिसनेही फरक पडणार नाही, तेव्हा कळलं.

मामा शुद्धीत असताना म्हणाला होता, "माका घराकडे घेऊन चला." म्हणून आम्ही नेला. गगनबावड्याच्या घाटात वळणावळणाला मामेभाऊ त्याचं डोकं धरून बसला होता. घरी खळ्यात उतरवला तेव्हा त्याला कळलं, खरंच कळलं, त्याने कलमांकडे बघून हात केला. ओटीवर कॉट लावली. नंतर झोप वाढत गेली. खायला घालायची जबरदस्ती केली नाही, ओठ ओल्या कापसाने पुसायचे, कूस बदलायची, तोंडाला तूप लावायचं. नातेवाईक येऊन म्हणायचे सलाईन तरी लावा. ते ऐकू नका, पाणी अजून पोटातच साठतं आणि श्वास लागतो. माझ्या आईने त्याला लहानपणीच्या सगळ्या गोष्टी सांगितल्या, तो ऐकत होता की नाही माहीत नाही, आई सांगत राहिली. गेला तेव्हा सगळे घरात होते. तुझ्या बाबांना सांग, आम्ही त्याला मारला नाही. आम्ही त्याला घरी आणला.

आबोली:
पडवी, नेणार असाल तर निघायच्या आधी वॉर्डातून हे लिहून घ्या: दुखलं, श्वास लागला, तळमळ झाली तर काय द्यायचं, किती द्यायचं, आणि रात्री फोन कोणाला करायचा. लघवीची नळी ठेवायची का तेही विचारा. पोट फार फुगलं असेल तर निघायच्या आधी पाणी काढून देतात, प्रवास सुसह्य होतो. रक्ताची उलटी होऊ शकते असं डॉक्टर म्हणाले असतील तर घरात गडद रंगाचे टॉवेल, चादरी हाताशी ठेवा, पांढऱ्यावर रक्त बघून घरची माणसं घाबरतात. आणि न्यायचं नसेल, हॉस्पिटलातच ठेवायचं असेल तर त्यातही काही चुकीचं नाही. मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, कुठल्या भागात आहात ते सांगा.

पडवी:
आबोलीताई, सड्यावरची, खूप आभार. बाबांना वाचून दाखवलं. उद्या सकाळी आत्याला घरी नेतोय, राजापूरला. एअर बेड लागेल म्हणाले, तो कुठे मिळेल बघतोय.

सड्यावरची:
बघू नकोस. मामाचा एअर बेड, पंपासकट, धुऊन पुसून ठेवलाय. कमोडची खुर्ची पण आहे. मामेभावाला आत्ताच विचारलं, तो म्हणाला मी स्वतः पोचवतो, उद्या दुपारपर्यंत राजापुरात येईन. पत्ता आणि फोन नंबर व्यनि कर, इथे उघड लिहू नको. मोटार चालू असते तेव्हा बारीक आवाज येतो, घाबरू नका, आणि बेडवर चादर एकच घाला, जाड गादी घातली तर उपयोग होत नाही.